मेडिटरेनियन मसल नक्की मूळचा कुठला? नकाशात तर जगभर दिसतोय

खारंवारं: मायटिलस गॅलोप्रोव्हिन्शियालिस या खडकांना चिकटून राहणाऱ्या शिंपल्याचा नकाशा करतोय, मूळ किनारे एका रंगात आणि बाहेरून आलेले दुसऱ्या. नाव मेडिटरेनियन मसल, पण नोंदी बघाव्या तर जपान, कॅलिफोर्निया, दक्षिण आफ्रिका, इंग्लंड, सगळीकडे ठिपकेच ठिपके. मूळचं काय धरू?

खडकवासी: भूमध्य, एड्रियाटिक, काळा समुद्र हे मूळचंच. पण स्पेन-पोर्तुगालचा अटलांटिक किनारा, पश्चिम फ्रान्स आणि वर आयर्लंड, नैऋत्य इंग्लंडपर्यंतचा भागही मूळचाच धरतात, नावावरून फसून तो परक्या रंगात टाकू नकोस. तिकडे वर एड्युलिस या त्याच्या जवळच्या भावंड प्रजातीशी संकर होतो, त्यामुळे एक रेघ मारून हद्द ठरवता येत नाही, संकराचा पट्टाच दाखव.

बाकी जहाजांची कृपा, तळाला चिकटून नाहीतर बॅलास्टच्या, म्हणजे जहाज स्थिर ठेवायला भरलेल्या, पाण्यातून. अळ्या काही आठवडे पाण्यात तरंगतात खऱ्या, पण तेवढ्यात अख्खा महासागर ओलांडणं काही होत नाही. जपानात १९३० च्या दशकात पोचला, दक्षिण आफ्रिकेत १९७० च्या दशकाच्या शेवटी.

ओहोटी_२: कॅलिफोर्नियाच्या जुन्या नोंदी जपून घे हां. तिथल्या या निळ्या मसलला कित्येक वर्षं सरसकट एड्युलिसच म्हणायचे, १९८८ मध्ये मॅकडोनाल्ड आणि कोएन यांनी प्रथिनांवरून तपासलं तेव्हा कळलं की दक्षिणेकडे गॅलोप्रोव्हिन्शियालिस आहे आणि उत्तरेकडे तिथला मूळचा ट्रॉसुलस. नुसतं कवच बघून ही तिन्ही भावंडं ओळखायला जाणं म्हणजे जुगार आहे.

खारंवारं: बाप रे, मग जुन्या नोंदी बाजूलाच ठेवतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं काय?

खडकवासी: तिसरा रंग ठेव. तिथे दक्षिण गोलार्धाची स्वतःची फार जुनी वंशशाखा आहे, काहीजण ऑस्ट्रेलियातल्या शाखेला प्लॅन्युलॅटस म्हणून वेगळीच प्रजाती मानतात, आणि वर उत्तरेकडून जहाजांबरोबर आलेलेही त्यात मिसळलेत. सगळं परकं म्हणणं चूक आणि सगळं मूळचं म्हणणंही.

ओहोटी_२: दक्षिण आफ्रिका मात्र बिनधास्त परक्या रंगात टाक. पश्चिम किनाऱ्यावर त्याने तिथल्या रेघाळ मसलला, म्हणजे ऑलाकोमियाला, खडकांवरून पार हटवलंय. गंमत म्हणजे तिथल्या काळ्या ऑयस्टरकॅचर पक्ष्यांना आयतं खाद्य मिळालं आणि त्यांची पिल्लं जास्त जगायला लागली, शिवाय साल्डान्हा उपसागरात लोक याच मसलची शेती करतात, त्यामुळे हाकला म्हणायला तरी कोण जाणार.