अभ्यासिकेच्या पीएचपी ॲपला लॉगिन: हाताने लिहायचं की तयार घ्यायचं?

नंदनवन_पीएचपी

नागपुरातल्या एका अभ्यासिकेचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. साधं पीएचपी आणि मायएसक्यूएल डेटाबेस, फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा नाही. कोणाची खुर्ची कुठली, महिन्याची फी भरली का, बाकी किती, एवढाच कारभार. आजवर ते काउंटरवरच्या एकाच कम्प्युटरवर चालायचं, म्हणून लॉगिनची भानगडच नव्हती. आता मालकांना वाटतंय की पोरांनी मोबाइलवर आपली पावती बघावी आणि रात्रीची जागा स्वतःच धरावी. म्हणजे प्रत्येकाचं खातं आलं.

ज्याला विचारावं तो एकच सांगतो: लॉगिन हाताने लिहू नको, लॅराव्हेल हे पीएचपीचं फ्रेमवर्क घे. मला हे पटत नाही. २०१३ च्या आधी कोणी असं म्हटलं असतं तर मुकाट ऐकलं असतं, कारण तेव्हा जो तो एमडी५ या जुन्या हॅशवर (हॅश म्हणजे पासवर्डचा उलटा न फिरवता येणारा ठसा) स्वतःची कलाकुसर करायचा. पीएचपी ५.५ मध्ये पासवर्ड_हॅश आणि पासवर्ड_व्हेरिफाय ही तयार फंक्शनं आली आणि तो धंदा बंद झाला. सॉल्ट, म्हणजे प्रत्येक पासवर्डला जोडायचा वेगळा रँडम तुकडा, आपोआप तयार होतो, हॅशमध्येच राहतो. उद्या अल्गोरिदम बदलायचा तर पासवर्ड_नीड्स_रीहॅश आहे. पोरगा लॉगिन करेल तेव्हा जुना हॅश काढून नवा ठेवायचा, त्याला कळतही नाही. डेटाबेसची क्वेरी पीडीओच्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटने (युजरने टाकलेला मजकूर क्वेरीत मिसळत नाही), लॉगिन झालं की सेशन_रिजनरेट_आयडीने सेशनचा, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदीचा, क्रमांक नवा, कुकीला एचटीटीपीओन्ली, सिक्युअर आणि सेमसाइट हे पहारे. सगळं मिळून शंभरेक ओळी, आणि त्यातली प्रत्येक मला समजते. तेवढ्यासाठी चालतं ॲप मोडून नव्याने बांधायचं?

विरोधात असाल तर नेमकं काय अडेल ते सांगा. ‘बेस्ट प्रॅक्टिस’ एवढंच लिहू नका.

मिहानवाली

नेमकं सांगते. तुमच्या शंभर ओळींत कोणी एका खात्यावर रात्रभर पासवर्ड मारत बसला तर त्याला अडवणारं काही नाही. पासवर्ड विसरल्यावर काय, ते नाही. त्यासाठी टोकन, म्हणजे रिसेटच्या दुव्यातला गुप्त मजकूर, रँडम_बाइट्सने बनवायचं, डेटाबेसमध्ये त्याचा हॅश ठेवायचा, मुदत घालायची, एकदा वापरलं की बाद करायचं, आणि पासवर्ड बदलला की त्या माणसाचे बाकीचे सगळे सेशन तोडायचे. शेवटचं काम हाताने लिहिणारे हमखास विसरतात. मग ‘मला लक्षात ठेवा’वाली कुकी. मग प्रत्येक फॉर्मला सीएसआरएफ टोकन, म्हणजे दुसऱ्या साइटने युजरच्या नावाने फॉर्म पाठवू नये म्हणून. ‘हा नंबर नोंदलेला नाही’ आणि ‘पासवर्ड चुकला’ असे दोन वेगळे संदेश दिलेत तर कोणाचं खातं आहे आणि कोणाचं नाही हे बाहेरच्याला फुकटात कळतं.

लॅराव्हेलच्या तयार लॉगिनमध्ये पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर थांबा येतो, रिसेटचा दुवा साठ मिनिटांत मरतो. हे कोणीतरी आधीच विचार करून ठेवलंय आणि हजारो लोकांनी ते तपासलंय. तुमच्या ओळी कोण तपासणार?

बर्डीचा_भाऊ

तुम्ही दोघं भांडून राहिले, पण पासवर्ड पाहिजेच कायले भाऊ? पोट्टे चार दिवसात विसरतात अन् मंग काउंटरवर येऊन डोकं खातात. मोबाइल नंबर टाका, ओटीपी येऊ द्या, झालं. गडचिरोली-गोंदियाहून आलेल्या पोट्ट्याले ईमेल आठवत नाही, नंबर मात्र तोंडपाठ राह्यते.

धरमपेठ_बॅकएंड

ओटीपी एवढा सरळ नाही भाऊ. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांमुळे आधी डीएलटी या मेसेज-नोंदणीच्या व्यवस्थेवर संस्थेची नोंदणी, मग हेडर (पाठवणाऱ्याचं नाव), मग मजकुराचा टेम्प्लेट मंजूर करून घ्या. पाठवताना त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला की मेसेज अडतो आणि पोरगा म्हणतो ‘आलाच नाही’. प्रत्येक मेसेजचे पैसे वेगळे. ‘ओटीपी पाठवा’ या बटणावर मर्यादा नसेल तर कोणीही एक छोटी स्क्रिप्ट लावून मालकांचं रिचार्ज रात्रीत संपवेल. आणि सहा आकडी ओटीपी म्हणजे फक्त दहा लाख शक्यता. चुकीच्या प्रयत्नांना अटकाव नसेल तर तो पासवर्डपेक्षाही कच्चा.

म्हणजे मिहानवाली म्हणतात तो अटकाव इथेही लिहावाच लागतो.

बर्डीचा_भाऊ

बरं मंग गूगलचं लावा. प्रत्येकाच्या फोनात गूगल खातं राह्यतेच.

धरमपेठ_बॅकएंड

हे मला बऱ्यापैकी पटतं. फक्त माणूस ओळखायचा तो गूगलने दिलेल्या ‘सब’ या कायम क्रमांकावरून, ईमेलवरून नाही. ईमेल बदलू शकतो. गूगलकडून आलेलं टोकन (लॉगिनचा पुरावा) आपल्याच ॲपसाठी काढलंय का, हेही तपासायचं. बरेचजण टोकन उघडून आतला ईमेल वाचतात आणि थेट आत सोडतात.

नंदनवन_पीएचपी

@मिहानवाली, रिसेटचा मुद्दा मला लागू होत नाही आणि का ते सांगतो. लॅराव्हेलचा रिसेट ईमेलवर उभा आहे, आणि शेअर्ड होस्टिंगवरून गेलेला ईमेल बहुतेक वेळा स्पॅममध्ये जाऊन पडतो. माझी पोरं रोज अभ्यासिकेत येतात. विसरला तर काउंटरवर येईल, ओळखपत्र दाखवेल, तिथला माणूस दहा मिनिटांचा एक दुवा काढून देईल. नवीन खातंही तसंच. स्वतःहून नोंदणीचं पानच नाही. म्हणजे बाहेरच्यासाठी उघडे फॉर्म दोनच, लॉगिन आणि त्या दुव्यावरचा नवा पासवर्ड. चुकीच्या प्रयत्नांचा एक टेबल करून थांबा घालणं दुपारभराचं काम आहे, आणि नंबर चुको की पासवर्ड, संदेश एकच: ‘नंबर किंवा पासवर्ड चुकला’.

आता मी विचारतो. लॅराव्हेलच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या दोन वर्षं मिळतात. त्यानंतर अपग्रेड कोण करणार, पैसे कोण देणार? अभ्यासिकेचे मालक वार्षिक देखभालीचं नाव काढलं की चहा मागवतात आणि विषय बदलतात. जुनं, कोणी हात न लावलेलं लॅराव्हेल माझ्या शंभर ओळींपेक्षा सुरक्षित कसं?

मिहानवाली

पीएचपी कुठली आवृत्ती आहे तुमच्या होस्टिंगवर?

नंदनवन_पीएचपी

७.४.

मिहानवाली

तिच्या सुरक्षा दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्येच बंद झाल्यात. म्हणजे ‘दोन वर्षांनी अपग्रेड कोण करणार’ हा प्रश्न तुमच्या साध्या पीएचपीलाही आहेच, आणि त्याचं उत्तर सध्या ‘कोणीच नाही’ असं आहे. फ्रेमवर्क नको म्हणायचं असेल तर म्हणा, पण देखभालीचं कारण पुढे करू नका. शिवाय बीक्रिप्टची (पासवर्ड_हॅशची नेहमीची पद्धत) डिफॉल्ट ‘कॉस्ट’, म्हणजे हॅश काढायला किती मेहनत लावायची तो आकडा, पीएचपी ८.४ मध्ये १० वरून १२ केली, ७.४ वर बसलात तर तीसुद्धा हाताने लिहा.

काउंटरवरचा रिसेट मात्र चांगला आहे. त्यावर माझा आक्षेप नाही.

महालचा_जुना

माझा आहे. काउंटरवरचा माणूस कोणाच्याही नावाने दुवा काढू शकतो आणि स्वतःच उघडूही शकतो. पोरीचा मोबाइल नंबर, घरचा पत्ता, आधारची प्रत, सगळं त्या खात्याच्या मागे. दुवा कोणी, कधी, कोणासाठी काढला याची नोंद ठेवा आणि ती काउंटरच्या लॉगिनला पुसता येऊ नये. आणि काउंटरच्या सगळ्यांना मिळून एकच ‘ॲडमिन’ खातं असेल तर ही नोंदही कुचकामी. प्रत्येकाचं वेगळं करा.

इतवारी_टाइमपास

एवढं कशाला राव. अभ्यासिका आहे, बँक नाही. एमडी५ टाका, सुरुवातीचा पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर द्या आणि मोकळे व्हा. खुर्ची नंबर २७ कोणाची आहे हे चोरून कोण काय करणार?

मिहानवाली

खुर्ची नाही चोरणार, पासवर्ड चोरेल. पोरं एकच पासवर्ड सगळीकडे लावतात. तुमच्याकडे जो आहे तोच ईमेलला आणि परीक्षेच्या अर्जाला असण्याची शक्यता दाट. २०१२ मध्ये लिंक्डइनचे हॅश बाहेर आले ते सॉल्ट न लावलेल्या एसएचए-१ या झटपट निघणाऱ्या हॅशचे होते. आधी पासष्ट लाखांची यादी फिरली, मग २०१६ मध्ये कळलं की आकडा ११ कोटींच्या वर आहे. एमडी५ त्याहून वेगाने फुटतो.

आणि सुरुवातीचा पासवर्ड मोबाइल नंबर म्हणजे ज्याच्याकडे व्हॉट्सॲप ग्रुप आहे त्याच्याकडे सगळ्यांचे पासवर्ड.

इतवारी_टाइमपास

बदलायला सांगायचं ना पहिल्या दिवशी.

बर्डीचा_भाऊ

सांगून कोण ऐकून राह्यलं बाप्पा.

धरमपेठ_बॅकएंड

बँक नाही हे खरं, पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा फक्त बँकेसाठी नाही. वाजवी सुरक्षा ठेवली नाही म्हणून त्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. अभ्यासिकेला एवढा कोणी लावणार नाही हे मलाही कळतं. पण आधारची प्रत घेऊन ठेवणाऱ्याने ‘आमचं काय जातंय’ म्हणू नये. माझं विचाराल तर आधी ती प्रतच काढून टाका. खुर्ची द्यायला आधार कशाला लागतो?

महालचा_जुना

सगळे लॉगिनच्या पानावर अडकलेत. माझ्यापुढे तपासायला आलेल्या छोट्या पीएचपी ॲपमध्ये लॉगिन फोडायची वेळ क्वचितच आली. भोकं सापडली ती आतल्या पानांत.

पहिला प्रकार. प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहिलेलं असतं: सेशनमध्ये युजर नसेल तर हेडर ‘लोकेशन: लॉगिन.पीएचपी’. आणि खाली एक्झिट, म्हणजे ‘इथेच थांब’, नाही. ब्राउझर लॉगिनकडे वळतो, म्हणून लिहिणाऱ्याला वाटतं काम झालं. सर्व्हर मात्र थांबलेला नसतो. तो खालचं सगळं चालवतो आणि पूर्ण पान त्याच उत्तरात पाठवतो. कर्लने (ब्राउझरशिवाय पान आणणारं साधन) ते पान मागवून बघा, लॉगिन न करता पोरांची अख्खी यादी समोर येते. त्या पानावर ‘डिलीट’ असेल तर तेही होतं.

दुसरा प्रकार. पावती.पीएचपी?आयडी=४१२. पोराने रीतसर लॉगिन केलं, स्वतःची पावती बघितली, मग सहज ४१२ चं ४१३ केलं. दुसऱ्याचं नाव, नंबर, फी, सगळं हजर. इथे लॅराव्हेलही वाचवत नाही, गूगलही नाही. त्याचं लॉगिन खरंच आहे. क्वेरीत ‘आणि ही पावती याच विद्यार्थ्याची आहे’ ही अट कोणी घातलीच नाही. ओवास्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत पहिला नंबर याच जातीच्या चुकीचा आहे.

नंदनवनवाले, तुमचं ॲप एकाच माणसासाठी लिहिलेलं होतं. त्यातली प्रत्येक क्वेरी ‘बघणारा मालकच आहे’ असं धरून चालते. लॉगिन जोडायला दोन दिवस लागोत की दोन तास, खरं काम त्या क्वेऱ्या एकेक करून बघण्याचं आहे. फाइली किती आहेत?

नंदनवन_पीएचपी

चाळीसच्या आसपास. पण पोरांना लागणाऱ्या सहा-सातच. बाकीच्या काउंटरच्या.

महालचा_जुना

मग पोरांच्या त्या सहा-सात वेगळ्या फोल्डरमध्ये नव्याने लिहा. विद्यार्थ्याचा आयडी यूआरएलमधून कधीच घ्यायचा नाही, फक्त सेशनमधून. काउंटरच्या फाइलींना पोराचं सेशन चालता कामा नये. तिथे लॉगिन आहे का एवढंच नको, भूमिका कोणती तेही तपासा. आणि तपासणी एकाच फाइलमध्ये ठेवून सगळीकडे ती रिक्वायर करा. इन्क्लूड नको. इन्क्लूडमध्ये फाइल सापडली नाही तर पीएचपी नुसती वॉर्निंग देऊन पुढे जातं, आणि पान बिनपहाऱ्याचं चालतं.

मिहानवाली

नेमकं यासाठीच मी लॅराव्हेल म्हणते! तिथे एका राउट ग्रुपला (पानांच्या पत्त्यांच्या गटाला) मिडलवेअर, म्हणजे पानाआधी चालणारी तपासणी, लावलं की आतली सगळी पानं बंद. एखाद्या फाइलच्या माथ्यावर ती ओळ राहून गेली, असं होऊच शकत नाही.

नंदनवन_पीएचपी

ते एका इंडेक्स.पीएचपीतून सगळी पानं फिरवली तर माझ्याकडेही होईल.

मिहानवाली

हो, आणि वर्षभराने तुमच्याकडे एक छोटं फ्रेमवर्क असेल, ज्याची कागदपत्रं फक्त तुमच्या डोक्यात. तुम्ही पुण्याला गेलात की पुढच्याने काय वाचायचं?

शंकरनगर_शिकाऊ

मध्येच एक विचारतो. शेअर्ड होस्टिंगवर लॉगिन केलं की वीस-पंचवीस मिनिटांत आपोआप बाहेर पडतो. कोडमध्ये तर काही दिसत नाही.

धरमपेठ_बॅकएंड

सेशन किती वेळ जपायचं ती पीएचपीची सेटिंग, सेशन.जीसी_मॅक्सलाइफटाइम. डिफॉल्ट १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. आकडा वाढवूनही होत असेल तर सेशनच्या फाइली कुठे पडतात ते बघा. सगळ्या साइटी एकाच टेम्प फोल्डरमध्ये ठेवत असतील तर शेजाऱ्याच्या साइटची साफसफाई तुमचेही सेशन उचलून नेते. स्वतःचं वेगळं फोल्डर द्या, वेबवरून न दिसणारं.

शंकरनगर_शिकाऊ

झालं, धन्यवाद दादा. अजून एक, पासवर्ड मराठीत ठेवला तर चालतो का?

धरमपेठ_बॅकएंड

चालतो, पण बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच बघतं. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट, म्हणजे २४ चिन्हांत संपलं, आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. अभंगाची अख्खी ओळ टाकलीत तरी शेपूट वाया. आणखी एक: हॅशचा कॉलम २५५चा ठेवा. बीक्रिप्टचा हॅश ६० अक्षरांचा असतो. कॉलम ५०चा असला आणि मायएसक्यूएल स्ट्रिक्ट मोडमध्ये नसलं तर तो गुपचूप कापला जातो आणि बरोबर पासवर्डही कायम चूक ठरतो.

नंदनवन_पीएचपी

सध्याचं ठरवलेलं लिहितो. होस्टिंग ८.४ वर नेणार; जुन्या कोडमध्ये काय काय फुटतं ते रविवारी ॲपची प्रत काढून बघतो. पोरांची सात पानं वेगळी, आयडी सेशनमधून. काउंटरला प्रत्येकाचं खातं आणि दुव्यांची नोंद. आधारच्या प्रतींबद्दल मालकांशी बोलतो, ते ऐकतील असं वाटत नाही. लॉगिन हातानेच.

मिहानवाली

लिहा. रिपॉझिटरी उघडी ठेवा, मी वाचते. पहिल्यांदा ‘मला लक्षात ठेवा’चं बटण दिसलं की पुन्हा भांडायला येईन.

बर्डीचा_भाऊ

अन् मालक म्हणतीलच, ते बटण पाहिजे म्हणून.