उत्पादकाच्या आउटलेटमधला लॅपटॉप घेऊन रॅम आणि एसएसडी नंतर वाढवावी का?

प्रश्न

नमस्कार. मुलगी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात गेली असून तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. कोड लिहिणे, एखादे व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) चालवणे आणि ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब उघडे ठेवून वाचणे, असे तिचे काम आहे. नव्या यंत्रांच्या किमती झेपत नसल्यामुळे गेले तीन आठवडे मी एका उत्पादकाच्या आउटलेटची यादी रोज पाहतो आहे आणि आता दोन यंत्रांपाशी येऊन थांबलो आहे. पहिले अगदी सडपातळ असून त्यात १६ जीबी रॅम (चालू कामाची स्मृती) आणि ५१२ जीबी एसएसडी (फाइली साठवण्याचा भाग) आहे. दुसरे कंपन्यांना विकल्या जाणाऱ्या मालिकेतले, जरा जाड, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेले आहे. त्याच्या झाकणावर ओरखडे असल्याची नोंद आहे, पण ते बरेच स्वस्त आहे. दोन्हींचा प्रोसेसर एकाच पिढीतला आहे. हा माल आउटलेटमध्ये येतो कुठून, स्वस्त यंत्राची रॅम आणि एसएसडी पुढे वाढवता येईल का, आणि यंत्र उघडल्यास वॉरंटी जाते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आउटलेटमधला सगळा माल वापरलेला असतो, हा समज बरोबर नाही. रद्द झालेल्या ऑर्डरी, खोके उघडून परत आलेली यंत्रे, प्रदर्शनात मांडलेले नमुने आणि भाडेकरार संपल्यावर कंपन्यांकडून परतलेली यंत्रे, असे निरनिराळे प्रवाह तिथे एकत्र येतात आणि तपासणीनंतर त्यांना वेगवेगळे दर्जे दिले जातात. ओरखडे असलेल्या दर्जातील यंत्राचा दोष बहुधा बाह्यांगापुरताच असतो, त्यामुळे तुमचे दुसरे यंत्र केवळ झाकणाकडे पाहून बाद करू नका. भाडेकरारावरून परतलेले यंत्र मात्र तीन-चार वर्षे रोज चाललेले असू शकते. म्हणून वर्णनात यंत्राचा इतिहास आणि वॉरंटीची मुदत, या दोन्ही गोष्टी अवश्य वाचा.

मी स्वतः एकच कसोटी लावतो. जे नंतर बदलता येत नाही, त्यासाठी पैसे मोजावेत आणि जे बदलता येते, ते कमीत कमी असलेले यंत्र निवडावे. आजच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डावर पक्का बसवलेला असतो. पडदा बदलता येतो, पण तो खर्च बचत गिळून टाकतो. याउलट उत्पादक रॅम आणि एसएसडीच्या प्रत्येक वाढीव टप्प्यासाठी सहसा सुट्या भागांच्या किमतीपेक्षा बरेच जास्त पैसे लावतात. म्हणून चांगला पडदा, चांगला कीबोर्ड आणि अपुरी रॅम असलेले यंत्रच आउटलेटमध्ये शोधण्याजोगे असते, अर्थात त्यात रॅमचा स्लॉट, म्हणजे नवी पट्टी बसवण्याची जागा, असेल तर.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून त्याविषयी विस्ताराने लिहितो. वर्णनात रॅमपुढे एलपीडीडीआर अशी अक्षरे दिसली, तर ती रॅम जवळपास नेहमीच बोर्डावर सोल्डर केलेली (कायमची डाग देऊन जोडलेली) असते आणि मग यंत्राच्या आयुष्यभर तेवढ्यावरच भागवावे लागते. नुसते डीडीआर४ किंवा डीडीआर५ लिहिलेले असेल, तर स्लॉट असण्याची शक्यता बरीच आहे, पण खात्री नाही. एकाच मालिकेतली भावंडेही येथे फसवतात. लेनोव्होच्या थिंकपॅड टी४८० मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत, पण नावात केवळ एक अक्षर जास्त असलेल्या टी४८०एस मध्ये काही रॅम सोल्डर केलेली असून स्लॉट एकच आहे, आणि एक्स१ कार्बनमध्ये तर स्लॉटच नाही. म्हणून नेमका मॉडेल क्रमांक घेऊन उत्पादकाच्या संकेतस्थळावरील देखभाल-पुस्तिका उघडावी. कोणता भाग कुठे आहे आणि तो कसा काढायचा, हे तिच्यात चित्रांसह दिलेले असते.

रॅम घेताना पिढी जुळलीच पाहिजे. लॅपटॉपच्या डीडीआर४ पट्टीला २६० पिना असतात, तर डीडीआर५ला २६२, आणि खाचेची जागाही वेगळी असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. वेग वेगवेगळे असलेल्या दोन पट्ट्या सहसा एकत्र चालतात, पण दोघींनाही कमी वेगाने धावावे लागते. ८ जीबीच्या दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसर दोन वाहिन्यांतून एकाच वेळी वाचू शकतो आणि त्याचा लाभ विशेषतः प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सला होतो. तरीही व्हर्च्युअल मशीनसाठी मी १६ जीबी ही किमान मर्यादा मानतो, आणि शक्य असेल तर त्याहून पुढे जातो.

एसएसडीविषयी दोन सावधगिऱ्या सांगतो. एसएसडीच्या वर्णनात दिसणारे एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे. त्या आकारात साटा (जुनी, हळू जोडणी) आणि एनव्हीएमई (नवी, वेगवान जोडणी) असे दोन्ही प्रकार मिळतात, आणि स्लॉट कोणता प्रकार स्वीकारतो ते पाहावे लागते. लांबीही ३०, ४२ आणि ८० मिलिमीटर अशी वेगवेगळी असते. काही सडपातळ यंत्रांत तर दोन्ही बाजूंना चिपा असलेली एसएसडी जाडीमुळे बसत नाही. साटाचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबी, तर तिसऱ्या पिढीच्या एनव्हीएमईचा सुमारे ३,५०० एमबीपर्यंत जातो. आकडे मोठे दिसले, तरी चौथ्या पिढीच्या महागड्या एसएसडीचा फरक अभ्यासाच्या कामात क्वचितच जाणवेल, म्हणून ते पैसे रॅममध्ये घाला.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पुस्तिका पाहिली. सडपातळ यंत्राची रॅम सोल्डर केलेली आहे. दुसऱ्यात ८ जीबी बोर्डावर असून एक स्लॉट रिकामा आहे, आणि एसएसडीसाठी ८० मिलिमीटरचा एनव्हीएमई स्लॉट आहे. आता शंका अशी, की एसएसडी बदलल्यावर विंडोज पुन्हा विकत घ्यावे लागेल का?

प्रतिसाद ३

विंडोज पुन्हा विकत घ्यावे लागत नाही. यंत्रासोबत आलेला परवाना मुख्यतः मदरबोर्डशी (यंत्राच्या मुख्य बोर्डाशी) बांधलेला असतो, त्यामुळे नव्या एसएसडीवर तीच आवृत्ती टाकली की इंटरनेटशी जोडल्यावर ती आपोआप सक्रिय होते. जुनी एसएसडी क्लोन करणार (तिची जशीच्या तशी नक्कल नव्या एसएसडीवर उतरवणार) असाल, तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कला कुलूप लावणारे साधन, चालू आहे का ते आधी पाहा आणि त्याची रिकव्हरी की यंत्राबाहेर जपून ठेवा. आपल्या यादीत भाडेकरारावरचे एखादे जुने यंत्र असेल, तर विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे लक्षात असू द्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षा-चिप) लागते, आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो.

वॉरंटीच्या अटी उत्पादकागणिक बदलतात. अनेक उत्पादक रॅम आणि एसएसडी हे ग्राहकाने बदलण्याजोगे भाग मानतात, पण तुम्ही बाहेरून आणलेल्या भागाची किंवा तो बसवताना झालेल्या नुकसानीची जबाबदारी ते घेत नाहीत. अटी लेखी स्वरूपात वाचा आणि मूळ एसएसडी टाकून देऊ नका, कारण दुरुस्तीला पाठवताना ती परत बसवून पाठवणे सोयीचे पडते.

यंत्र आल्या दिवशीच ते उघडून रॅम बसवण्याची घाई करू नका. ही चूक मी केली होती. रॅम बसवल्यानंतर यंत्र अधूनमधून बंद पडू लागले आणि दोष मूळ यंत्रात होता की माझ्या हातून झाला, हे मला सिद्ध करता आले नाही. तोवर परत करण्याची मुदतही उलटून गेली होती. तेव्हापासून मी नवे यंत्र चार-पाच दिवस आहे तसेच वापरतो. विंडोजच्या बॅटरी-अहवालात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता यांची तुलना करतो, रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ रात्रभर चालवतो, आणि प्रत्येक पोर्ट, कॅमेरा व कळ तपासतो. सुरुवातीलाच एखाद्या संस्थेच्या खात्याने प्रवेश करण्याची सूचना आली किंवा बायोसने (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रणालीने) पासवर्ड मागितला, तर ते यंत्र विनाविलंब परत करावे, कारण ते कुलूप तुम्हाला काढता येणार नाही.

हे सगळे ठीक निघाले की मग यंत्र पूर्ण बंद करा, चार्जर काढा आणि पाठचे झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवा. पहिल्यांदा फक्त रॅम बसवा, दोन दिवस यंत्र चालवून पाहा आणि एसएसडीला त्यानंतरच हात लावा, म्हणजे काही बिघडलेच तर ते कशामुळे बिघडले, हे तुम्हाला नेमके कळेल. रॅम वाढवल्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही काळ काळाच राहू शकतो. तेवढा वेळ पॉवरचे बटण दाबू नका.