मदत हवी आहे: नागपुरात मेटल डिटेक्टर भाड्याने कुठे मिळेल? (अर्जंट)

घाईत_आहे
नागपुरात मेटल डिटेक्टर एका दिवसासाठी भाड्याने कुठे मिळेल? अंगठी हरवली आहे. ऑनलाइन मागवला तर यायला आठवडा सांगताहेत, तेवढा वेळ नाही. डिपॉझिट देऊ. 'घरात नीट बघा, कपाटामागे असेल' असे प्रतिसाद कृपया नकोत. बघून झालंय.

तर्रीपोहे
घरात नाही तर कुठं हरवली थे तरी सांगा न भाऊ. फुटाळा तलावात पडली असन तर डिटेक्टर काय करन?

संध्याछाया
कार्तवीर्यार्जुनाचा श्लोक म्हणा. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या हरवलेल्या वस्तूसाठी हाच म्हणतात. माझ्या आईचं डोरलं असंच धान्याच्या कोठीत मिळालं होतं. म्हणताना मनात शंका नको.

इतवारीवाला
बिल शोधून ठेवा. २०२१ च्या जुलैनंतर घेतलेली असेल आणि दोन ग्रॅमच्या वर असेल तर आत सहा अक्षरी एचयूआयडी (हॉलमार्कचा त्या दागिन्यापुरता नंबर) बहुधा कोरलेला असतो, बिलाशी जुळवता येतो. कोणाला सापडली आणि तो मोडायला सराफ्यात घेऊन आला तर तुमची म्हणून ओळखायला तोच उपयोगी. ९१६ (२२ कॅरेट) आहे की ७५० (१८ कॅरेट)? खडा आहे का? आणि तशीच दुसरी करून हवी असेल तर फोटो पाठवा, आठ दिवसांत होते.

घाईत_आहे
दुसरी करायची नाही. हीच पाहिजे. काटोल रोडच्या एका लॉनवर हरवली. साक्षगंध होतं. लॉनवाले म्हणतात शुक्रवारी पुढचं लग्न आहे, त्याआधी गवत कापणार, रोलर फिरवणार. म्हणून घाई. मेटल डिटेक्टर कुठे मिळेल एवढंच सांगा.

तर्रीपोहे
अरे वा, अभिनंदन! सासरेबुवा काय म्हणून राहिले मग? आतापासूनच बोलणं खायची सवय लावून घ्या राजेहो.

पाना_हातोडा
डिटेक्टरच्या भानगडीत पडू नका. जुन्या स्पीकरमधलं मोठं चुंबक काढा, दोरी बांधा आणि गवतावरून सावकाश ओढत चला. मी याच पद्धतीने गाडीची किल्ली शोधली आहे. खर्च शून्य.

न्यूट्रॉन
सोनं चुंबकाला चिकटत नाही.

पाना_हातोडा
शुद्ध सोनं नाही चिकटत. अंगठीत मिश्रण असतं.

न्यूट्रॉन
मिश्रण तांब्याचं आणि चांदीचं असतं. ती दोन्हीही चिकटत नाहीत.

पाना_हातोडा
तुम्ही कधी करून पाहिलंय की नुसतं पुस्तकातलं सांगताय? किल्ली चिकटली होती, मी स्वतः काढली.

न्यूट्रॉन
किल्ली लोखंडाची होती म्हणून चिकटली. असो.

अजनीचे_काका
माझ्याकडे मशीन आहे. मुलाने बाहेरदेशातून येताना आणलं, आणि निवृत्तीनंतर मला हाच नाद लागला. कोणाची अंगठी, कोणाचं कानातलं हरवलं की जातो. पैसे घेत नाही, चहा घेतो. परदेशात हे काम रीतसर चालतं. कॅनडात व्हँकूव्हरच्या ख्रिस टर्नर यांनी 'द रिंग फाइंडर्स' नावाने अशा शोधणाऱ्यांची यादीच उभी केली आहे. तिथे आपला भाग शोधला की जवळचा माणूस मिळतो, आणि सापडली तर खुशीने काय ते द्यायचं अशी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची रीत आहे. आपल्याकडे मी आणि माझी स्कूटर.

पण भाऊ, तुम्ही काहीच सांगत नाही आहात. लॉन केवढं आहे? अंगठी शेवटची बोटात कोणी आणि कुठे पाहिली? गवतावर पडली की फरशीवर की पार्किंगच्या मुरमावर? सैल होती का? कार्यक्रमानंतर झाडझूड झाली का, आणि तो कचरा कुठे गेला? अख्खं लॉन मशीनने चाळणं एका दिवसाचं काम नाही. आधी जागा आवळावी लागते, मशीनचा नंबर त्यानंतर.

घाईत_आहे
काका, धन्यवाद. लॉन मोठं आहे, हजारभर माणूस जेवतं. हात धुवायच्या नळांपाशी पडली. जेवण झाल्यावर हात धुतले आणि झटकले, तेव्हाच उडाली असणार. सैल होतीच, साक्षगंध झाल्यावर माप कमी करायला टाकणार होतो. नळांच्या आजूबाजूचं गवत आम्ही पाचसहा जणांनी गुडघ्यावर बसून बोटांनी विंचरलंय. म्हणूनच मशीन पाहिजे.

सातबारा
एक महत्त्वाचा मुद्दा कोणीच मांडला नाही. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंसाठी आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत दडलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. डिटेक्टर घेऊन दुसऱ्याच्या जागेत खणण्याआधी विचार करावा.

न्यूट्रॉन
परवा हरवलेली स्वतःची अंगठी गुप्तधन कशी होईल? मालक माहीत आहे, बिल आहे.

सातबारा
मी फक्त कायदा काय म्हणतो ते सांगितलं. जागामालकाची परवानगी तरी लेखी घ्या.

अजनीचे_काका
परवानगीचं बरोबर आहे, ती मी नेहमी घेतो. खणायचं कुठे आणि गवत परत कसं बसवायचं तेही माळ्याला विचारून घेतो.

मशीनबाज
काकांचं मशीन व्हीएलएफ (नेहमीच्या प्रकारचं) असेल. सरळ पल्स इंडक्शन, म्हणजे पीआय प्रकारचं मशीन वापरा. आपली माती खनिजवाली, पीआयला मातीचा त्रास नाही आणि खोलही जातं. माझ्या ओळखीत एकाकडे आहे, विचारतो.

अजनीचे_काका
विचारू नका. काटोल रोडचा भाग बेसॉल्टचा आहे, त्यात लोहाचे कण असतात आणि मशीन बडबडतं, हे खरं. पण ग्राउंड बॅलन्स (मातीचा आवाज दाबायचं सेटिंग) नीट केला की व्हीएलएफ गप्प होतं. पीआय चांगलं समुद्राच्या खाऱ्या ओल्या वाळूत. लॉनवर मांडवाचे खिळे, तारांचे तुकडे, लोखंडी चुका पसरलेल्या असतात. पीआयला लोखंड आणि सोनं यातला फरक नीट सांगता येत नाही. बिचारा दिवसभर खिळे उपटत बसेल. आणि खोल कशाला जायचंय? परवाची अंगठी गवताच्या मुळाशी असणार, फार तर पेरभर आत.

मशीनबाज
मत आपापलं.

जुनीपाने
यावरून आठवलं. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली तेव्हा ती शरीरात कुठे अडकली हे शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतः यंत्र घेऊन गेले होते. गोळी सापडलीच नाही. एक तर पलंगात लोखंडी स्प्रिंगा होत्या, त्यात डॉक्टरांनी उजवीच बाजू तपासू दिली. गोळी निघाली डावीकडे. पण ती शवविच्छेदनात.

तर्रीपोहे
साक्षगंधाच्या धाग्यावर शवविच्छेदन. वा बाप्पा.

अजनीचे_काका
अवांतर असलं तरी कामाचं आहे. आम्हालाही लोक 'इथेच पडली' म्हणून एकच बाजू दाखवतात.

घाईत_आहे, झटकल्यावर उडाली हे कोणी डोळ्यांनी पाहिलं, की तुमचा अंदाज?

घाईत_आहे
अंदाज. पण दुसरं होणार काय? हात ओले, अंगठी सैल.

फोटोवाली_ताई
दादा, मी लग्नाचे फोटो काढते म्हणून सांगते. फोटोग्राफरकडून निवडलेले फोटो मागू नका, सगळे कच्चे मागा. प्रत्येक फोटोवर सेकंदापर्यंत वेळ असते. जिथे जिथे तो हात दिसतो तो फोटो मोठा करून बघा. अंगठी असलेला शेवटचा फोटो आणि नसलेला पहिला फोटो, त्या दोघांच्या मधे ती पडली. दोन कॅमेरे असतील तर त्यांची घड्याळं जुळतात का ते आधी बघा. एकाच क्षणाचे दोघांचे फोटो शोधायचे आणि फरक काढायचा. पाहुण्यांच्या मोबाइलचे फोटोही गोळा करा, पण व्हॉट्सॲपवरून नको. तिथून आले की मूळ वेळ निघून जाते.

इतवारीवाला
७५० की ९१६ ते अजून सांगितलं नाही. ग्राहकाची माहिती असेल तर मी सराफ्यातल्या चार लोकांना सांगून ठेवीन.

घाईत_आहे
सोन्याची नाही. प्लॅटिनमची आहे. आणि मी नवरदेव नाही, मुलीचा भाऊ आहे. अंगठी बहिणीची. मुलाकडच्यांनी घातलेली. त्यांना अजून सांगितलेलं नाही, म्हणून इथे नाव लिहीत नाहीये.

तर्रीपोहे
हे पहिलेच सांगतलं असतं तर मी सासऱ्यावरून बोललो नसतो न जी.

इतवारीवाला
मग एचयूआयडीचं विसरा. प्लॅटिनमला पीटी ९५० चा शिक्का बघा. सोबत कार्ड मिळालं असेल तर जपून ठेवा.

पाना_हातोडा
प्लॅटिनमला चुंबक?

न्यूट्रॉन
नाही.

अजनीचे_काका
बरं झालं सांगितलंत, याने सेटिंग बदलतं. मशीन प्रत्येक धातूला एक आकडा देतं. लोखंडाचा सगळ्यात खाली, त्याच्यावर फॉइल, मग थंडपेयाचा कॅन उघडायची चावी, आणि वरच्या टोकाला तांबं-चांदी. सोन्याची अंगठी बहुधा फॉइल आणि चावी यांच्या आसपास येते. प्लॅटिनममधून वीज सोन्याइतकी सहज वाहत नाही, त्यामुळे ते आणखी खाली, फॉइलच्या मांडीला मांडी लावून बसतं. नवशिके काय करतात, चॉकलेटचे कागद वाजू नयेत म्हणून फॉइलचा पट्टा बंद करून टाकतात. त्याबरोबर अंगठीही बंद. मग दिवसभर फिरून म्हणतात इथे नाही. खर्र्याची (तंबाखू-सुपारीची) पन्नी प्लास्टिकची, ती वाजत नाही. वाजतात त्या चमकीच्या पुड्या आणि गोळ्यांची पाकिटं. गुटखा राज्यात बंद आहे म्हणतात, माझ्या पिशवीत काही वेगळंच निघतं.

अंगठी मागे कापलेली, दाबून लहानमोठी करता येणारी आहे का? अखंड कडं असेल तर आवाज खणखणीत येतो, कापलेली असेल तर मरतो.

घाईत_आहे
अखंड आहे. एक छोटा हिरा.

अजनीचे_काका
हिरा मशीनला दिसत नाही, कड्यावर काम चालेल. फोटोंचं बघा आणि मला व्यनि (खासगी निरोप) करा. तोवर त्या लॉनवर पाणी आणि झाडू दोन्ही थांबवायला सांगा.

घाईत_आहे
ताईंनी सांगितलं तसं काल रात्री बसून पाहिलं. हात धुतल्यानंतर पानाच्या स्टॉलवर बहीण विडा तोंडात घालताना फोटो आहे, त्यात अंगठी स्पष्ट दिसते. म्हणजे नळांपाशी पडलीच नाही. त्यानंतर कोपऱ्यातल्या झोपाळ्यावर मैत्रिणींबरोबर ग्रुप फोटो, त्यातल्या शेवटच्या दोनमध्ये बोट मोकळं आहे. मधे वीसेक मिनिटं. काका उद्या सकाळी येताहेत.

संध्याछाया
श्लोक म्हणालात का?

घाईत_आहे
आई म्हणतेय.

घाईत_आहे
सापडली!! बाकीचं काका लिहितील. ताई, काका, खूप आभार. आता सासरी सांगायचं की नाही यावर घरात मीटिंग चालू आहे.

फोटोवाली_ताई
सांगू नका. फोटोग्राफरलाही सांगा अल्बममध्ये ते दोन फोटो टाकू नको.

सातबारा
सांगावं. नंतर कळलं तर जास्त वाईट दिसतं.

अजनीचे_काका
पानाच्या स्टॉलपासून झोपाळ्यापर्यंत दोऱ्या लावून पट्टे पाडले. एक पट्टा जाताना, दुसरा येताना, कॉइल (मशीनची खालची चकती) जमिनीला समांतर आणि आधीच्या फेरीवर अर्धी चढवत. मोबाइल गाडीत ठेवला, नाहीतर मशीन उगाच कुरकुरतं. वरून विजेची तार जाते म्हणून सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवली. स्टॉलजवळ नुसत्या चमकीच्या पुड्या, एक जोडवं (ते लॉनच्या ऑफिसात जमा केलंय, कोणाचं असेल तर खूण सांगून न्यावं), आणि खिळे तर विचारू नका.

झोपाळ्याच्या लोखंडी खांबाजवळ मशीन आंधळं होतं, ते खांबावरच ओरडत राहतं. तिथे त्या भावाने गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याचं हातातलं यंत्र मागून आणलं आणि त्यानेच खांबाच्या बुडाशी तपासलं. पल्ला चारच बोटांचा, पण खांबाजवळ तोच फायद्याचा. तिथे काही नव्हतं. अंगठी मिळाली झोपाळ्याच्या मागे, जिथे मुली ढकलायला उभ्या राहिल्या असणार. आकडा फॉइलचाच. फरक एवढाच की चुरगळलेला कागद डावीकडून एक आकडा देतो आणि उजवीकडून दुसरा, हा दोन्हीकडून तोच. काटकोनात वळून परत फिरवलं, तरी तोच. गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापला, चौथ्या बाजूवर उलटा केला. मुळांमध्ये कड उभी रुतलेली, मातीने भरलेली. कोणाच्या तरी सँडलने दाबली होती. बोटांनी विंचरून ती कधीच लागली नसती. चौकोन परत बसवून पाणी मारलं, माळी खूश.

नळांपाशी मशीन लावलंच नाही.

मशीनबाज
पीआयने पण सापडली असती.

पाना_हातोडा
आधी चुंबकाने खिळे काढून घेतले असते तर काकांचा अर्धा वेळ वाचला असता.

अजनीचे_काका
हे मात्र मान्य. पुढच्या वेळी चुंबक घेऊन तुम्हीच या.

हिंगण्याचा_शेतकरी
काका, धागा आत्ता वाचला. आमच्या वावरात वडिलांच्या काळची पाइपलाइन गेली आहे, कुठून गेली ते कोणालेच माहीत नाही आणि आता जेसीबी लावायचा आहे. तुमच्या मशीनने सापडन का?

अजनीचे_काका
पाइप लोखंडी की पीव्हीसी? किती खोल? विहीर कुठे, आणि पाणी सोडतात ते तोंड कुठे?

हिंगण्याचा_शेतकरी
पाइपच आहे जी साधा. कधी येता सांगा.