निकेल-क्रोम प्लेटिंगच्या गाळातून निकेल परत मिळवणे परवडते का?

प्रश्न (छोटा प्लेटर, भोसरी):
नमस्कार. माझे निकेल-क्रोम प्लेटिंगचे लहान युनिट आहे. ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या) फिल्टर प्रेसमधून निघणारा हिरवट गाळ आम्ही पोत्यांत भरतो आणि पैसे मोजून विल्हेवाटीसाठी रांजणगावला पाठवतो. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आले आणि ‘उलट मीच किलोमागे पैसे देतो, कागदपत्रांचे बघू नका’ असे सांगून गेले. त्यांना परवडते, याचा अर्थ गाळात निकेल आहेच. मग सल्फ्युरिक ॲसिडमध्ये गाळ विरघळवून ते मलाच माझ्या शेडमध्ये का काढता येऊ नये?

उत्तर (रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक):
विरघळेल, पण एकटे निकेल विरघळणार नाही. तुम्ही सर्व सांडपाणी एकत्र करून त्यातले धातू चुना घालून गाळरूपात तळाशी बसवत असाल, तर त्या गाळात निकेलबरोबर क्रोमियम, लोखंड आणि भरपूर कॅल्शियम असते. ॲसिडचा मोठा भाग उरलेला चुना खातो आणि त्याचे जिप्सम होऊन टाकीच्या तळाशी बसते. नंतर पीएच हळूहळू वाढवून आधी लोखंड, मग क्रोमियम वेगळे पाडता येते, परंतु त्यांचा जेलीसारखा साका गाळताना बरेच निकेल सोबत घेऊन जातो. शिवाय शेडमध्ये कुठेही सायनाइडचा बाथ (प्लेटिंगच्या द्रावणाची टाकी) असेल आणि त्याचे धुवण या गाळात आले असेल, तर ॲसिड ओतताच हायड्रोजन सायनाइड वायू सुटेल. तेव्हा हा प्रयोग बादलीतसुद्धा करू नका.

उत्तर (तीस वर्षे प्लेटिंगमध्ये):
सरांशी सहमत आहे; निकेल पकडायचे ते गाळ होण्यापूर्वीच. नेहमीच्या वॉट्स बाथमध्ये (निकेल सल्फेट-क्लोराइडच्या द्रावणात) लिटरला साधारण ६० ग्रॅम निकेल असते, आणि जिग (वस्तू टांगायची चौकट) घाईने उचलला की ते पहिल्या रिन्समध्ये, म्हणजे धुण्याच्या पाण्यात जाते. आम्ही प्रथम जिग बाथवर दहा-पंधरा सेकंद निथळू देण्याची शिस्त लावली, मग बाथच्या शेजारी डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याची एक ड्रॅग-आउट टाकी ठेवली; जिगसोबत येणारे द्रावण पकडणाऱ्या या टाकीत पाणी वाहते नसते. बाथ ५५ ते ६० अंशांवर चालतो, त्यामुळे रोज जेवढे पाणी उडते तेवढी भर या टाकीतूनच घालता येते. बोअरचे पाणी मात्र वापरू नका, क्षार बाथमध्ये साचतात. तांबे-लोखंडासारखी अशुद्धीही परत येतेच, म्हणून कार्बन ट्रीटमेंट (कोळशाच्या भुकटीने द्रावण साफ करणे) आणि कमी करंटवर डमी प्लेटिंग (टाकाऊ पत्र्यावर अशुद्धी चढवून काढणे) पूर्वीपेक्षा लवकर करावे लागते. एवढे करून उरलेले पातळ धुवण आयन-एक्स्चेंज रेझिनवरून (पाण्यातले निकेल धरून ठेवणाऱ्या दाण्यांवरून) न्यावे. रेझिन सल्फ्युरिक ॲसिडने धुतले की निकेल सल्फेटचे द्रावण हाती येते. किंवा हेच निकेलचे धुवण इतर पाण्यात न मिसळता वेगळे ठेवून चुन्याऐवजी कॉस्टिक सोड्याने बसवले, तर गाळ जिप्समविना, निकेलने समृद्ध निघतो. पुनर्प्राप्ती करणाऱ्याला असाच गाळ हवा असतो.

उत्तर (पर्यावरण सल्लागार):
त्या गृहस्थांना नम्रपणे निरोप द्या. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार असा गाळ फक्त प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र असलेल्यालाच, मॅनिफेस्टसह (कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्रासह) देता येतो, आणि तो कुठे ओढ्याकाठी रिता झाला तर जबाबदारी तुमच्यापर्यंत येते. स्वतः त्यातून धातू काढायचा असेल, तरी नियम ९ खाली केंद्रीय मंडळाच्या कार्यपद्धतीनुसार परवानगी लागते. साठवणुकीची सर्वसाधारण मर्यादा ९० दिवसांची आहे, हेही शेडमधली पोती मोजताना लक्षात असू द्या.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. त्यांना नाही म्हणून कळवले आहे. क्रोमलाही अशीच टाकी चालेल का?

उत्तर (तीस वर्षे प्लेटिंगमध्ये):
चालेल, पण पूर्णपणे वेगळी. क्रोमचा बाथ ४०-४५ अंशांवर असल्याने पाणी कमी उडते, त्यामुळे सगळे धुवण परत घालता येत नाही. आणि क्रोमचे थेंब निकेलमध्ये पडू देऊ नका, थर सोलून निघायला लागतो. आमच्याकडे एकदा क्रोममधून काढलेला जिग निकेलवरून उलट नेला गेला होता, तो बाथ सुधारण्यात अख्खा आठवडा गेला.