मूळ कारण कळेपर्यंत व्यवस्थापकाने निर्णय थांबवावा का?

धागाकर्ता (मकरपुरा, वडोदरा): आमच्या कारखान्यात गेल्या महिन्यात गळती-चाचणीत नापास होणाऱ्या व्हॉल्व्हची संख्या एकाएकी वाढली, तेव्हा व्यवस्थापकांनी त्याच दुपारी कास्टिंगचा (व्हॉल्व्हच्या ओतीव भागांचा) पुरवठादार बदलून टाकला. पुढे उघड झाले की चाचणी यंत्राचे प्रेशर गेज प्रत्यक्षापेक्षा कमी दाब दाखवत होते, त्यामुळे चांगल्या व्हॉल्व्हवरही अवाजवी दाब पडत होता. टोयोटात ताइची ओनो यांनी रुजवलेली पाच वेळा ‘का’ विचारण्याची पद्धत वापरली असती, तर हे दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच कळले असते. मूळ कारण हाती येईपर्यंत निर्णय घेऊच नये, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १: मला हे पटत नाही. अर्थशास्त्राचे १९७८चे नोबेल मिळवणारे हर्बर्ट सायमन यांनी दाखवून दिले की माणसाजवळचा वेळ, माहिती आणि आकलन मर्यादित असल्यामुळे तो सर्वोत्तम पर्यायाच्या शोधात न राहता पुरेसा चांगला पर्याय स्वीकारतो. माल भरायला ट्रक दारात उभा असताना चौकशी समिती बसवता येत नाही. तुमच्या साहेबांची चूक घाईची नव्हती. सहज मागे घेता येणार नाही असे पाऊल त्यांनी पहिल्याच दिवशी उचलले, ही होती.

प्रतिसाद २: आपल्या बडोद्यातच याचे उदाहरण आहे. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३मध्ये अमरेली तालुक्यात सुरू केला आणि १९०६मध्ये ती सक्ती राज्यभर लागू केली. सगळ्या शंका फिटण्याची वाट त्यांनी पाहिली नाही, आणि पहिल्याच फटक्यात सगळ्या प्रजेवर हुकूमही लादला नाही.

प्रतिसाद १: महाराजांना तेरा वर्षे मिळाली, आम्हाला एक शिफ्ट मिळते! तरीही तत्त्व मान्य आहे. नापास झालेले दहा व्हॉल्व्ह दुसऱ्या यंत्रावर लावून पाहायला तासभर पुरला असता.

धागाकर्ता: पण दहा व्हॉल्व्ह पुन्हा तपासणे म्हणजे ‘का’ विचारणेच नव्हे काय? शिवाय दोष कास्टिंगचाच आहे अशी ज्याची आधीच खात्री झालेली असते, त्याला पाऊल मागे घेता येईल की नाही हा विचारच सुचत नाही. दुसरे यंत्र त्या दुपारी मोकळे होते, आणि गेजचे कॅलिब्रेशन (अचूक मापाशी पडताळून घेणे) राहिले असल्याचे चाचणीवरच्या कामगाराला ठाऊक होते. त्याला कोणी विचारले नाही.