जीपीएस कोणत्या कॉम पोर्टवर बसला ते कसं पाहाचं?

वावरवाला_आर्वी:
वावराचे धुरे क्यूजीआयएसमध्ये (नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये) चढवाचे हायेत म्हणून यूएसबीवाला जीपीएस घेतला, यू-ब्लॉक्स 7 चिपचा, लॅपटॉप विंडोज 10. लावला की दिवा लागते पण क्यूजीआयएस कॉम पोर्ट (विंडोज अशा जोडणीला जो नंबर देते तो) विचारते, अन् यादीत कॉम 3, कॉम 4, कॉम 7. यातला माहा कोणता? पोर्ट शोधाचं एखादं फुकटातलं सॉफ्टवेअर असन तर सांगजा.

संत्राबाग:
सॉफ्टवेअर काहून पाहिजे भाऊ. स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, त्यात ‘पोर्ट्स’ उघडून ठेव आन जीपीएस उपसून घे. जी ओळ गायब झाली ते तुह्यं पोर्ट, परत लावला की परत येईन. 3 आन 4 बहुतेक ब्लूटूथचे असतीन, जोडीनंच येतात ते. दुसऱ्या खोबणीत लावला तर नंबर बदलू शकते, म्हणून रोज एकाच खोबणीत लावत जा.

टिनाखाली_लॅपटॉप:
वरचं बरोबर, पण डेटा येते का तेही पाहून घ्या. पुटी (पोर्टवर येणारा डेटा दाखवणारा प्रोग्राम) उघडा, सिरियल निवडा, कॉम 7, स्पीड 9600 (जुन्या प्रोलिफिक चिपवाल्यांना बहुधा 4800 लागते). डॉलरच्या खुणेनं सुरू होणाऱ्या ओळी धावल्या म्हणजे पोर्ट पक्कं. ओळीत नुसते स्वल्पविरामच दिसले तर जीपीएस बिघडला नाही, टिनाखाली उपग्रह दिसत नाहीत, अंगणात या. आकडे आल्यावर अक्षांशाच्या 2044.7 ला 20.44 अंश समजू नका, ते 20 अंश 44.7 मिनिटं असते. आन पाहून झालं की पुटी बंद करा, नाही तर क्यूजीआयएसला पोर्ट उघडता येत नाही, एका वेळी एकच प्रोग्राम.

वावरवाला_आर्वी:
कॉम 7 च निघाला! पण आता माउसचा बाण आपोआप स्क्रीनभर उड्या मारून रायला, मधीच क्लिकही होते. व्हायरस तं नाही ना आला याच्यातून?

संत्राबाग:
व्हायरस नाही बे. जीपीएसचा डेटा पाहून विंडोजला वाटते जुना सिरियल माउस लावला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीत ‘सिरियल बॉलपॉइंट’ दिसन, जीपीएस लावलेला असतानाच त्याला डिसेबल कर. अनइन्स्टॉल नको करू, पुढच्या वेळी लावला की परत येते.

टिनाखाली_लॅपटॉप:
आणि एक, शेजाऱ्यासंग धुऱ्याचा वाद असन तर याच्या भरवशावर खुंट्या गाडू नका. मोकळ्या आभाळाखालीही दोन-अडीच मीटर इकडंतिकडं होते, तिथं भूमी अभिलेखची मोजणीच लागते. नकाशा, ठिबकचा अंदाज यासाठी मस्त हाये.