‘वनपट्ट्यांचे वाटप’ म्हणायचं की आणखी काही?

पाटीपेन्सिल
एका दैनिकाच्या जिल्हा पुरवणीचं पान लावतो. गेल्या आठवड्यात मथळा दिला, ‘आदिवासींना वनपट्ट्यांचे वाटप’. वनपट्टा म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचा कागद. दुसऱ्या दिवशी एका वाचकाचा फोन. शिवीगाळ नाही, पण आवाज चढलेला. म्हणाले, ‘तुमच्या बापजाद्यांच्या घरात तुम्ही राहताय आणि सरकारनं येऊन कागदावर लिहून दिलं की घर तुमचंच आहे, तर छापाल का घरांचे वाटप म्हणून?’ मला तिथल्या तिथे काही सुचलं नाही. वाटप हा शब्द आम्ही वह्या, सायकली, शिलाई यंत्रं, सगळ्यालाच लावतो. खरंच चुकतंय का? आणि चुकत असेल तर एका स्तंभात बसेल असा दुसरा शब्द सुचवा. ‘वनहक्क मान्यता’ माहीत आहे, पण ते मथळ्यात सरकारी पाटीसारखं दिसतं.

रानवाट
फोन करणाऱ्याचं शंभर टक्के बरोबर. कायद्याच्या नावातच बघा: अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वन हक्कांची मान्यता) अधिनियम, २००६. आणि उद्देशिकेत संसदेनंच लिहून ठेवलंय की वसाहतकाळात आणि स्वतंत्र भारतातही सरकारी वनं ठरवताना या लोकांचे वडिलोपार्जित जमिनींवरचे हक्क नीट नोंदले गेले नाहीत, आणि त्यातून ऐतिहासिक अन्याय झाला. आता ज्याच्यावर अन्याय केला त्याचंच त्याला परत देताना ‘वाटप केलं’ म्हणणं म्हणजे उसनं घेतलेलं पातेलं आहेर म्हणून परत देण्यासारखं आहे.

पण मला विचाराल तर वाटप हा नंतरचा गोंधळ. मूळ खोड ‘अतिक्रमण’ या शब्दात आहे. १८७८च्या कायद्यानं राखीव, संरक्षित आणि ग्रामवन अशी विभागणी केली. १९२७चा कायदा आजही चालू आहे. त्यातली पद्धत अशी: सरकार अधिसूचना काढणार, वन जमाबंदी अधिकारी किमान तीन महिन्यांची मुदत देणार, तेवढ्यात हक्क सांगायला जो आला नाही त्याचा हक्क सहसा संपला. डोंगरावरच्या पाड्यात राजपत्र वाचणार कोण? नांगर तिथंच होता, नाचणी तीच होती, पण वर्ष उलटलं आणि कसणारा अतिक्रमणदार झाला. अतिक्रमण म्हणजे ओलांडणं. इथं ओलांडलं कोणी?

निवृत्त तलाठी
बत्तीस वर्षं सातबारा लिहिला, म्हणून चार शब्द. पुस्तकी मराठीत एक अतिक्रमण, पण गावोगाव नावं वेगळी. गडचिरोली-चंद्रपूरकडे ‘जबरानजोत’, म्हणजे जबरीनं कसलेली जमीन. आणि गंमत म्हणजे कसणारा स्वतःच सांगतो, ‘माझी दोन एकर जबरान आहे’. चोरीचा शिक्का बसलेला शब्द माणसानं आडनावासारखा अंगावर घेतलाय. सातपुड्यात ‘नेवाड’. ठाणे-नाशिककडे ‘एकसाली’, म्हणजे वर्षाच्या बोलीनं दिलेला तुकडा. रायगडात ‘दळी’. इंग्रजांच्या काळात ठाकर-कातकऱ्यांना उतारावर राब (पालापाचोळा, फांद्या) जाळून नाचणी करायला दिलेली जागा ती. बहुतेक वेळा दळी गटाची, कागदावर नाव एका नाईकाचं. त्या एका नावाखाली आज किती घरं भांडतात विचारू नका.

दुसरा शब्द ‘नियमानुकूल’, म्हणजे नियमात बसवून कायदेशीर केलेलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी राज्यानं वनजमिनीवरची जुनी अतिक्रमणं नियमानुकूल करायचे निर्णय काढले. तेव्हा एक म्हातारी माझ्याकडे आली होती. पत्र्याची पेटी, वर मिठाच्या पिशवीचं प्लॅस्टिक, आत दोऱ्यानं बांधलेल्या दंडाच्या पावत्या. दर पावसाळ्यात वनखात्याचा गार्ड यायचा, पावती फाडायचा, आणि ती पावती ही बाई देवाच्या फोटोमागे ठेवायची. कारण त्या जागेवर ती होती याचा सरकारी शिक्क्याचा पुरावा तेवढाच. गुन्ह्याची पावती हाच हक्काचा दाखला! माझ्या वरिष्ठांना हे समजावता समजावता माझी दुपार गेली. आताच्या नियमांत गावातल्या वृद्धांचा जबाब, जुनी विहीर, थडगी, देवस्थान हेसुद्धा पुराव्यात धरतात, ते बरं झालं.

मथळ्यासाठी माझी सूचना: ‘वहिवाट’. आपल्याकडे खाजगी शेतातून कुणी वर्षानुवर्षं बैलगाडी नेली तर तिला आपण वहिवाट म्हणतो, मामलेदारापर्यंत भांडतो. तीच माणसं, तोच नांगर, फक्त जमीन वनखात्याच्या नकाशात आली की वहिवाटीचं अतिक्रमण होतं.

शब्दशोध
काकांनी वहिवाट आणली ते उत्तमच. मी थोडा आडवा येतो. ‘मान्यता’सुद्धा फार निर्मळ शब्द नाही. शाळेला मान्यता, संघटनेला मान्यता, प्रस्तावाला मान्यता. सगळीकडे खाली अर्जदार, वर सही करणारा. आणि ‘पट्टा’ तर उघडच मालकानं कुळाला लिहून दिलेला कागद. म्हणजे ‘वनपट्ट्यांचे वाटप’ या दोन शब्दांत सरकार दोनदा मालक झालं. मला ‘कबूल’ आवडतो. ‘सरकारला वनहक्क कबूल’. यात देणाऱ्याचा हात वर राहत नाही. शिवाय कबुली गुन्ह्याचीही असते, तेही इथं शोभून दिसतं.

मुंबईकर००७
मुळात आदिवासी म्हणायचं की वनवासी, ते आधी ठरवा.

रानवाट
त्यावर वेगळा धागा काढा, इथं नको. संविधानात ‘अनुसूचित जमाती’, लोक स्वतःला म्हणतात ‘आदिवासी’, मला तेवढं पुरतं.

वैनगंगा
गडचिरोलीची आहे, म्हणून माझी तक्रार ‘गौण’ या शब्दाची. सरकारी कागदात ‘गौण वनउपज’. मोहफुलं, तेंदूपाने, चारोळी, हिरडा, डिंक आणि बांबू. उन्हाळ्यात पहाटे अंधारात टोपली घेऊन मोहाखाली बसणाऱ्या बाईला विचारा, यात गौण काय आहे म्हणून. घरात वर्षभराचा रोख पैसा तोच. गौण तो लाकूड तोडणाऱ्या खात्याच्या नजरेतून. इंग्रजांना साग हवा होता, जहाजांना आणि रेल्वेच्या स्लीपरांना. सागाच्या मानानं बाकीचं सगळं किरकोळ. साहेब गेला, वर्गवारी राहिली.

बांबूची गोष्ट तर शब्दचर्चेलाच मुद्दाम घडल्यासारखी आहे. १९२७च्या कायद्यातल्या व्याख्येत बांबू ‘झाडा’त मोडायचा. शाळेतलं पोरही सांगेल की तो गवताच्या कुळातला. पण झाड म्हटलं की तोडीवर आणि वाहतुकीवर खात्याचा ताबा. २००६च्या कायद्यानं बांबू गौण वनउपजात घातला, म्हणजे एका कायद्यात झाड आणि दुसऱ्यात उपज. आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाले, तरी बांबू गावाबाहेर नेण्याचा परवाना कुणी द्यायचा यावर गाडं अडलं. एप्रिल २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. वनाबाहेर लावलेल्या बांबूला झाडाच्या व्याख्येतून सुट्टी मिळायला २०१७ साल उजाडलं.

बाकी मला ‘कबूल’ चालेल.

निवृत्त तलाठी
ताई, एक पुस्ती. वैयक्तिक हक्क मिळाला तरी सातबारावर नाव बहुतेक ठिकाणी ‘इतर हक्क’ या रकान्यात. नाशिकहून चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चांत हाही एक मुद्दा होता, की नाव कब्जेदाराच्या, म्हणजे जमीन धारण करणाऱ्याच्या, रकान्यात घ्या. जमीन चार हेक्टरांपर्यंत, वारसानं जाते, विकता येत नाही, नवरा-बायको दोघांच्या नावे. पण रकाना ‘इतर’. आयुष्यभर मी तो रकाना भरला, तेव्हा या शब्दाचं काही वाटलं नव्हतं.

शब्दशोध
‘फेटाळला’ राहिलाच. १३ फेब्रुवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयानं ज्यांचे दावे फेटाळले गेलेत त्यांना जमिनीवरून हटवायला सांगितलं, मग २८ तारखेला त्याच आदेशाला स्थगिती दिली. त्या पंधरा दिवसांतल्या बातम्या काढून बघा. दावा फेटाळला आणि माणूस ‘घुसखोर’. ‘पुरावा अपुरा पडला’ असं लिहिलेलं मला एकाही ठिकाणी दिसलं नाही.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार. काल परत तशीच बातमी आली. ‘कबूल’ संपादकांना नाटकी वाटला, वहिवाट मात्र चालली. मथळा गेला: ‘पाड्यांच्या वहिवाटीचा हक्क शासनाला मान्य’. दीड स्तंभ लागला, एक जाहिरात सरकवली. आज सकाळी अंक हातात घेतला तर खाली फोटोओळ: ‘वनपट्ट्यांचे वाटप करताना मान्यवर व लाभार्थी’. प्रेसनोटमधून जशीच्या तशी उचललेली. सकाळपासून फोन आलेला नाही, पण वाट बघतोय.